इशारा कुणाच्या कानावर पडतो?

सी भाषेच्या १९९९ सालच्या प्रमाणकाने प्रोग्रॅमरांची एक जुनी मुभा काढून घेतली. तोवर एखादं फंक्शन आधी जाहीर न करता बेधडक वापरता येत असे. ते पूर्णांक परत देतं असं गृहीत धरून कम्पायलर पुढे जायचा. बत्तीस बिटांच्या यंत्रांवर हे बहुतेक वेळा खपून गेलं. चौसष्ट बिटांच्या यंत्रांवर पूर्णांक सहसा बत्तीस बिटांचाच राहिला आणि मेमरीतला पत्ता चौसष्ट बिटांचा झाला. त्यामुळे पत्ता परत देणारं फंक्शन असं वापरलं की अर्धा पत्ता कापला जाऊ लागला. प्रोग्रॅम कधी टेबलावरच कोसळायचा, कधी ग्राहकाकडे पोचल्यावर. ही मुभा प्रमाणकातून गेली १९९९ मध्ये. लिनक्सच्या जगाचा आधार असलेल्या जीसीसी कम्पायलरने ती डीफॉल्ट एरर ठरवली मे २०२४ मध्ये, आवृत्ती १४ पासून.

मधली पंचवीस वर्षं वॉर्निंग होतीच. आधी मागितली तर मिळायची, २०१५ च्या पाचव्या आवृत्तीपासून न मागताही मिळू लागली. तरी जुना कोड जागचा हलला नाही. क्लँग कम्पायलरचाही हाच अनुभव. त्यांनी हा बदल आवृत्ती १५ मध्ये करायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात तो २०२३ मध्ये आवृत्ती १६ मध्ये झाला. अडचण अशी होती की युनिक्सच्या जगातली असंख्य सॉफ्टवेअरं बिल्ड होण्याआधी छोटे छोटे चाचणी-प्रोग्रॅम कम्पाइल करून बघतात. चाचणी कम्पाइल झाली तर ती सोय यंत्रावर आहे, नाही झाली तर नाही, असा निष्कर्ष काढला जातो. या चाचण्याच जुन्या ढंगात लिहिलेल्या होत्या. वॉर्निंगची एरर केल्यावर त्या गुपचूप नापास होऊ लागल्या, आणि सॉफ्टवेअर एखादी सोय गाळून तयार होऊ लागलं. बिल्ड यशस्वी, एररचा पत्ता नाही, आणि आत काहीतरी कमी. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या मंडळींना यासाठी पॅकेजांमागून पॅकेजं तपासून दुरुस्त करावी लागली.

मला हे प्रकरण वॉर्निंगांच्या सगळ्या प्रश्नाचं सार वाटतं. संशयास्पद कोड ओळखणं हा भाग आता बराचसा सुटलेला आहे. ओळखलेली गोष्ट कुणाला सांगायची, केव्हा सांगायची, कोणत्या मुदतीने आणि कोणत्या शब्दांत, हे मात्र प्रत्येक भाषेने ठेचा खात शिकलेलं आहे. वॉर्निंग हे माणसाच्या लक्षावर टाकलेलं ओझं असतं. ज्याच्या हातात दुरुस्ती नाही त्याच्यावर ते टाकलं तर तो इतकंच शिकतो की वॉर्निंगांकडे बघायचं नसतं.

सुरुवातीला हे काम कम्पायलरचं मानलंच जात नव्हतं. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'लिंट' लिहिलं ते वेगळं साधन म्हणून. कम्पायलरने झटपट यंत्रभाषा तयार करावी आणि कोडमधल्या खोडी लिंटने हुडकाव्यात, अशी वाटणी होती. ती त्या काळच्या यंत्रांना साजेशीही होती. पण वेगळं साधन वेगळं चालवावं लागतं, आणि ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज असते तोच ते चालवत नाही. पुढे या तपासण्या हळूहळू कम्पायलरमध्ये आल्या, आणि त्याबरोबर एक नवा पेच आला: कोणत्या तपासण्या आपोआप चालू ठेवायच्या आणि कोणत्या मागितल्यावर द्यायच्या? जीसीसीच्या 'डब्ल्यू-ऑल' या पर्यायाच्या नावात 'ऑल' असलं तरी त्यात सगळ्या वॉर्निंगा येत नाहीत. आणखी काही 'डब्ल्यू-एक्स्ट्रा'मध्ये आहेत, काही त्याच्याही बाहेर. ज्यांनी वर्षानुवर्षं 'डब्ल्यू-ऑल'वर कोड शांतपणे बिल्ड केला आहे, त्यांचं बिल्ड त्याच नावाखाली नव्या वॉर्निंगा घालून मोडायला कुणी तयार नसतं. क्लँगने खरोखर सगळं दाखवणारा 'डब्ल्यू-एव्हरीथिंग' हा वेगळा पर्याय दिला, आणि तो रोजच्या वापरासाठी नाही हे वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं.

संशयास्पद रचनांबाबत मला सर्वांत शहाणी वाटते ती अटीतल्या बरोबरीच्या चिन्हाची वॉर्निंग. सीमध्ये तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हं लागतात, किंमत ठेवण्यासाठी एक. अटीत चुकून एकच लिहिलं तरी कोड वैध असतो, अर्थ मात्र साफ बदलतो. पण मुद्दाम एकच लिहिणारेही असतात, आणि त्यांचा कोड बरोबर असतो. कम्पायलरांनी तोडगा काढला: मुद्दाम लिहिलं असेल तर त्याभोवती कंसाची आणखी एक जोडी घाला. कंसाने अर्थ बदलत नाही. तो वाचणाऱ्याला आणि कम्पायलरला एवढंच सांगतो की हे जाणूनबुजून केलं आहे. चांगल्या वॉर्निंगची पहिली कसोटी इथे सापडते. 'होय, मला हेच म्हणायचं होतं' असं सांगायची सोपी आणि कोडमध्येच दिसणारी जागा प्रोग्रॅमरला मिळाली पाहिजे. ती नसेल तर तो वॉर्निंग अख्ख्या प्रकल्पासाठी बंद करतो.

'स्विच'च्या रचनेत ही गोष्ट आणखी ठळक दिसते. सीमध्ये एका 'केस'च्या शेवटी 'ब्रेक' विसरला की नियंत्रण खालच्या केसमध्ये घसरतं. कधी ते हवं असतं, बहुधा नको असतं. जीसीसीने २०१७ च्या सातव्या आवृत्तीत याची वॉर्निंग आणली. जुन्या कोडमध्ये लोक सवयीने अशा ठिकाणी टिप्पणी लिहीत: 'इथून खाली जातंय'. जीसीसीने त्या टिप्पण्याही वाचायचं ठरवलं, आणि किती सैलपणे वाचायच्या याच्या पायऱ्या ठेवल्या. टिप्पणीवर कम्पायलरचं वागणं अवलंबून असणं अनेकांना रुचलं नाही, ते स्वाभाविकच आहे. पण माणसं आधीपासून जे करत होती त्याला मान देऊन सुरुवात झाली, म्हणून ही वॉर्निंग टिकली असं माझं मत आहे. सी++१७ ने त्यासाठी भाषेतच खूण दिली, पुढे सी२३ नेही. लिनक्स कर्नलमध्ये शेकडो ठिकाणं एकेक करून तपासली गेली आणि २०१९ मध्ये ही वॉर्निंग तिथे कायमची चालू झाली. त्या तपासणीत विसरलेले 'ब्रेक', म्हणजे खरे दोषही सापडले.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमधला दोष जगजाहीर झाला. 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ इंडेंटेशनमुळे अटीच्या आत असल्यासारखी दिसत होती, प्रत्यक्षात ती अटीबाहेर होती. परिणामी पुढची सही-पडताळणी कधी चालतच नव्हती. त्या ओळीखालचा कोड कधीच चालणार नाही हे सांगणारी तपासणी क्लँगमध्ये तेव्हाही होती. पण ती 'डब्ल्यू-ऑल'मध्ये नव्हती, वेगळी मागावी लागायची. दोन वर्षांनी जीसीसीच्या सहाव्या आवृत्तीत फसव्या इंडेंटेशनची वॉर्निंग आली आणि ती 'डब्ल्यू-ऑल'मध्येच ठेवली गेली. डीफॉल्ट काय ठेवायचं या निर्णयाला किती किंमत असते, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मग सगळंच चालू का ठेवू नये? कारण खोट्या किंवा अर्धवट इशाऱ्याचीही किंमत असते, आणि ती फार मोठी असू शकते. डेबियन लिनक्समध्ये २००६ साली ओपनएसएसएल या लायब्ररीबाबत एका साधनाने तक्रार केली. ते साधन कम्पायलर नव्हतं, चालत्या प्रोग्रॅमची मेमरी तपासणारं व्हॅलग्रिंड होतं, पण धडा तोच. प्रारंभिक किंमत न दिलेली मेमरी वाचली जाते आहे, अशी ती तक्रार होती. ती थांबवण्यासाठी दोन ओळी काढल्या गेल्या. त्यातल्या एका ओळीतून यादृच्छिक संख्यांच्या साठ्यात खरी यादृच्छिकता भरली जात होती. ती गेल्यावर साठ्यात बदलणारी गोष्ट जवळजवळ एकच उरली: प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८ प्रकारचा. मे २००८ मध्ये हे उघडकीस येईपर्यंत डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या गुप्त किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या होत्या. वॉर्निंग काहीतरी खरं सांगत होती. पण काय धोक्यात आहे आणि कोणती ओळ निरुपद्रवी आहे, हे ती सांगत नव्हती. वॉर्निंग बंद करण्याचा दबाव समज येण्याआधी पोचला की असं होतं.

लिनक्स कर्नलचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२० मध्ये कर्नलच्या बिल्डमधून 'कदाचित प्रारंभिक किंमत नसावी' ही जीसीसीची वॉर्निंग बंद केली, कारण नव्या आवृत्तीत खोट्या तक्रारींचा सुळसुळाट झाला होता. याच टोरवाल्ड्स यांनी २०२१ मध्ये, ५.१५ व्या कर्नलच्या वेळी, प्रत्येक वॉर्निंगची एरर करणारा पर्याय डीफॉल्ट केला आणि काही दिवसांतच तो मवाळ करावा लागला. कर्नल इतक्या वेगवेगळ्या यंत्रांवर आणि कम्पायलरांवर बिल्ड होतो की सगळीकडे शून्य वॉर्निंग हे एका फटक्यात साधणारं काम नव्हतं. या दोन्ही निर्णयांत मला विसंगती दिसत नाही. वॉर्निंग विश्वासार्ह असेल तर तिला दात हवेत, नसेल तर ती नको. एक जोड मात्र द्यायला हवी. 'वॉर्निंग म्हणजे एरर' हा नियम स्वतःच्या संघाच्या स्वयंचलित तपासणीत असावा, जगाला वाटलेल्या सोर्समध्ये नसावा. नाही तर उद्याच्या कम्पायलरची एखादी नवी वॉर्निंग परगावच्या अनोळखी माणसाचं बिल्ड मोडते, आणि त्याने काहीच चूक केलेली नसते.

डेप्रिकेशनची गोष्ट वेगळी. तिथे कोड आज बरोबर असतो, उद्या तो चालणार नाही असं सांगायचं असतं. इशारा कुणाच्या कानावर पडतो हा प्रश्न इथे सगळ्यात तीव्र होतो.

पायथनची वाटचाल त्यासाठी वाचण्यासारखी आहे. २.७ आणि ३.२ या आवृत्त्यांपासून डेप्रिकेशनच्या वॉर्निंगा डीफॉल्टने लपवल्या गेल्या. तर्क सरळ होता: प्रोग्रॅम वापरणाऱ्या माणसाला त्या दिसून उपयोग नाही, तो कोड बदलू शकत नाही. पण त्यामुळे कोड लिहिणाऱ्यालाही त्या दिसेनात, आणि सोय प्रत्यक्ष काढल्यावर तो चकित झाला. २०१८ च्या ३.७ आवृत्तीत मध्यममार्ग काढला गेला. ज्या फाइलमधून प्रोग्रॅम सुरू होतो, तिच्यातला डेप्रिकेटेड वापर दाखवायचा, आत घेतलेल्या लायब्ररींतला लपवायचा. पुढे स्ट्रिंगमधल्या चुकीच्या उलट्या तिरप्या रेघांबद्दल आवृत्ती ३.८ च्या पूर्वचाचणीत सर्वांना दिसेल अशी वॉर्निंग घातली गेली. लगेच तक्रारी आल्या. लोकांना वॉर्निंगा दिसत होत्या त्या दुसऱ्यांच्या लायब्ररींतल्या. बदल मागे घेतला गेला, आणि तीच वॉर्निंग २०२३ मध्ये आवृत्ती ३.१२ पासून ठळकपणे सुरू झाली. मधल्या काळात लायब्ररीवाल्यांना सावकाश दुरुस्ती करता आली. मागे घेण्याचा तो निर्णय मला कौतुकास्पद वाटतो.

रूबीने २.७ मध्ये नावाच्या अर्ग्युमेंटांच्या बदलासाठी वॉर्निंगा सुरू केल्या. त्यांचा इतका पूर आला की २०२० मध्ये २.७.२ या छोट्या आवृत्तीत डेप्रिकेशनच्या वॉर्निंगा डीफॉल्टने बंदच केल्या गेल्या. रस्टने हा प्रश्न रचनेतच सोडवला. कार्गो हे त्याचं बिल्ड-साधन बाहेरून आणलेल्या लायब्ररींतल्या वॉर्निंगा सहसा दाबतं, स्वतःच्या कोडमधल्या दाखवतं. पण एक अपवाद आहे: भविष्यात खरोखर मोडणारा कोड एखाद्या लायब्ररीत असेल तर बिल्डच्या शेवटी त्याचा थोडक्यात उल्लेख येतो.

सगळ्यात पुढे मला जावा वाटते, निदान एका बाबतीत. 'अनसेफ' नावाच्या अंतर्गत वर्गाच्या मेमरी हाताळणाऱ्या मेथड आता जाणार आहेत. २०२५ च्या जावा २४ पासून, अशी मेथड पहिल्यांदा वापरली गेली की चालत्या प्रोग्रॅममध्ये वॉर्निंग येते. एकदाच येते. ती कोणत्या वर्गाने वापरली हे तिच्यात असतं, आणि त्या वर्गाच्या सांभाळकर्त्यांना कळवा अशी विनंतीही असते. ऐकणारा दुरुस्ती करू शकत नसेल, तर दुरुस्ती कुणाकडे मागायची तेवढं तरी त्याला सांगायचं. अशी वॉर्निंग वाचून माणूस हतबल होत नाही.

याच जावाचा मुदतीच्या बाबतीतला इतिहास मात्र फारसा चांगला नाही. तारखेच्या वर्गाचे काही कन्स्ट्रक्टर १९९७ च्या १.१ आवृत्तीत डेप्रिकेट झाले, ते अजून आहेत. थ्रेड जबरदस्तीने थांबवणारी 'स्टॉप' ही मेथड १९९८ मध्ये धोकादायक ठरवली गेली आणि तिने काम करणं थांबवलं ते २०२३ च्या जावा २० मध्ये. पंचवीस वर्षं पोकळ राहिलेली धमकी शेवटी कुणी गंभीरपणे घेत नाही. जावा ९ ने २०१७ मध्ये दोन प्रकार वेगळे केले: 'यापेक्षा चांगलं काही आहे' असं सांगणारं साधं डेप्रिकेशन, आणि 'हे काढलं जाणार आहे' असं सांगणारं. दुसऱ्याची वॉर्निंग न मागता दिसते. ही विभागणी फार आधी व्हायला हवी होती. पायथनने 'कलेक्शन्स'मधली काही जुनी नावं २०१२ मध्ये डेप्रिकेट केली आणि पुढे ढकलत २०२१ मध्ये काढली. मुदत लांबली, पण पाळली गेली.

फोरट्रानची तऱ्हा निराळी. तिच्या प्रमाणकात कालबाह्य आणि वगळलेल्या सोयींच्या याद्या १९९० पासून असतात. अंकगणिती 'इफ' २०१८ च्या प्रमाणकातून वगळला गेला, 'कॉमन' त्याच वर्षी कालबाह्यांच्या यादीत गेला. पण कम्पायलर ते जवळजवळ सगळं चालू ठेवतात, आणि कठोर प्रमाणक मागितलं तरच कुरकुर करतात. यात मला चूक दिसत नाही. हवामानाची मॉडेलं फोरट्रानमध्ये लिहिलेली आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत मान्सूनच्या अंदाजासाठी वापरलं गेलेलं सीएफएस मॉडेलही त्यातलंच. तिथे दशकांपूर्वीचा, तपासून सिद्ध झालेला कोड केवळ ढंग जुना म्हणून उकरण्यात धोकाच जास्त.

कधी कधी डेप्रिकेशनच चुकतं. सी++२० ने 'व्होलटाइल' चलांवरची संयुक्त क्रिया डेप्रिकेट केली. यंत्राच्या रजिस्टरमधला एखादा बिट चालू करायला एम्बेडेड क्षेत्रातले लोक रोज हेच लिहितात, चिप बनवणाऱ्यांच्या हेडर फाइलींतही हेच असतं. त्यांचं म्हणणं ऐकून सी++२३ मध्ये बिटांवरच्या क्रियांपुरतं तरी हे मागे घेतलं गेलं. पर्लने 'स्मार्टमॅच' २०२३ मध्ये डेप्रिकेट केलं, काढण्याची आवृत्तीही जाहीर केली, आणि ती आवृत्ती आली तेव्हा ते राहू द्यायचं ठरवलं. वॉर्निंगला आलेली उत्तरं कुणीतरी वाचत होतं, हे अशा माघारीतून कळतं.

आता आपल्याकडच्या वर्गांचं. महाराष्ट्रातले असंख्य विद्यार्थी टर्बो सी++ वर प्रोग्रॅमिंग शिकले, तेही ते साधन जुनं होऊन गेल्यावर. 'आयओस्ट्रीम डॉट एच' हे जुनं हेडर आणि 'व्हॉइड मेन' हे त्यांच्या बोटांत बसलं. जीसीसीने त्या हेडरची वॉर्निंग काही वर्षं दिली आणि २००८ च्या ४.३ आवृत्तीत ते काढून टाकलं. टर्बोच्या बंद खोलीत ती वॉर्निंग कधी पोचलीच नाही. व्हिज्युअल स्टुडिओवर शिकणाऱ्यांची कथा उलटी. २००५ च्या आवृत्तीपासून 'स्कॅनएफ' किंवा 'स्ट्रिंगकॉपी'सारखं साधं फंक्शन वापरलं की ते असुरक्षित आहे, आमचं पर्यायी फंक्शन वापरा, अशी वॉर्निंग येते. प्रमाणकाने ही फंक्शनं डेप्रिकेट केलेली नाहीत, आणि सुचवलेले पर्याय इतर बहुतेक कम्पायलरांसोबत मिळत नाहीत. वॉर्निंग बंद करायची किल्लीही त्याच संदेशात छापलेली. विद्यार्थी ती ओळ फाइलच्या माथ्यावर चिकटवतात आणि पुढे आयुष्यभर चिकटवत राहतात. शिवाय खरोखर डेप्रिकेट झालेल्या गोष्टींनाही तोच वॉर्निंग-क्रमांक असल्याने, क्रमांकच बंद करणाऱ्याला तीही माहिती मिळेनाशी होते. हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण नव्या प्रोग्रॅमरला मिळालेला पहिला धडा 'वॉर्निंग घालवायची असते' हा झाला.

याउलट 'गेट्स'ची वॉर्निंग. वाचलेली ओळ ठेवायला जागा किती आहे हे या फंक्शनला कळूच शकत नाही. १९८८ च्या मॉरिस वर्मने घुसण्याची एक वाट त्यातूनच काढली होती. त्याचा सुरक्षित वापर शक्यच नाही, म्हणून लिनक्सवर लिंकर स्वतः सांगतो की हे धोकादायक आहे, वापरू नका. कसला पर्याय चालू करावा लागत नाही. सी११ प्रमाणकाने ते काढूनच टाकलं. जिथे निर्दोष वापर अस्तित्वातच नाही, तिथे वॉर्निंगने संकोच करू नये.

गो भाषेने वेगळीच वाट धरली: तिच्या कम्पायलरमध्ये वॉर्निंगच नाही. गोष्ट चूक असेल तर एरर, नसेल तर गप्प. न वापरलेलं इम्पोर्टही एरर. संशयाच्या जागा 'व्हेट' हे साधन सांगतं, आणि २०१८ पासून त्यातल्या खात्रीच्या काही तपासण्या टेस्ट चालवताना आपोआप होतात. तत्त्व म्हणून हे मला आवडतं, पण तीस-चाळीस वर्षांचा कोड पाठीशी असलेल्या भाषेला ते झेपणारं नाही.

रस्टच्या आवृत्ती-संचांची पद्धत मला आज सर्वांत पुढची वाटते. २०१५, २०१८, २०२१, २०२४ असे संच आहेत. आपला कोड कोणत्या संचाचा ते लिहिणारा ठरवतो, आणि वेगवेगळ्या संचांच्या लायब्ररी एकत्र चालतात. जुनी रचना आधी वॉर्निंग होते, पुढच्या संचात एरर होते, आणि मधलं बरंचसं काम 'कार्गो फिक्स' करून देतं. प्रत्येक सुचवलेल्या दुरुस्तीवर कम्पायलरच्या आत खात्रीची पातळी नोंदलेली असते: यंत्राने बिनदिक्कत लावावी अशी, की माणसाने बघून लावावी अशी. डेबियनच्या त्या दोन ओळींची आठवण ठेवली तर ही नोंद किती मोलाची आहे ते लक्षात येईल.

शब्दांबद्दल थोडंसं. वॉर्निंग वाचणाऱ्यांतल्या खूप जणांची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असते. नांदेड-लातूरकडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला लांबलचक, गुंतागुंतीचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचावं लागतं. काय आहे, का अडचण आहे, त्याऐवजी काय लिहावं, आणि ही वॉर्निंग कोणत्या नावाने ओळखली जाते: एवढं चार छोट्या वाक्यांत मावतं. क्लँगने वॉर्निंगच्या शेवटी तिचं नाव छापायची पद्धत रुळवली आणि जीसीसीनेही ती उचलली. त्या नावाने शोधता येतं आणि तेवढीच एक बंद करता येते. एवढ्याशा सोयीने सरसकट सगळं बंद करणाऱ्यांना एक चांगला पर्याय मिळाला.

पुण्या-मुंबईत, बंगळुरात किंवा परदेशात लायब्ररी सांभाळणारे अनेक मराठी प्रोग्रॅमर हे वाचत असतील. त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी एखादं फंक्शन डेप्रिकेट कराल, तेव्हा त्याच्या संदेशात पर्यायाचं नाव आणि काढण्याची आवृत्ती लिहा; आवृत्ती ठरली नसेल तर काढणार असल्याचं म्हणू नका. आणि दुसऱ्यांच्या लायब्ररी वापरत असाल, तर पायथनच्या चाचण्या डेप्रिकेशनला एरर मानून एकदा चालवा, जावाच्या फाइलींवर 'जेडेप्रस्कॅन' फिरवा, सीचा जुना कोड जीसीसी १४ वर एकदा बिल्ड करून पाहा. जे सापडेल ते त्या लायब्ररीच्या सांभाळकर्त्यांना कळवा. त्यांच्यापर्यंत ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने बहुधा पोचणार नाही.